अर्ध्या पॅरिशचा संघ: मुलिनालाख्ता सेंट कोलंबाज

लॉख गाउना या आयरिश नावाचा अर्थ वासराचं तळं. दंतकथा अशी की एका विहिरीतून एक अद्भुत वासरू बाहेर पडलं, ते धावलं तिकडे पाणी त्याच्या मागोमाग गेलं आणि त्यातून हे तळं झालं. नकाशावर तळ्याचा काठ पाहिला की वासराची ही धावपळ खरी वाटू लागते, इतका तो वेडावाकडा आहे. एर्न नदी या तळ्यातून उत्तरेकडे जाते. तळ्यातल्या इंचमोर बेटावर जुन्या मठाचे अवशेष आहेत आणि परंपरा तो मठ सहाव्या शतकातल्या संत कोलंबाचा मानते. आयर्लंडच्या मध्यावरच्या लाँगफर्ड आणि कॅव्हन या दोन काउंट्यांची हद्द याच भागातून जाते. लाँगफर्ड लेन्स्टर प्रांतात, कॅव्हन अल्स्टरमध्ये. म्हणजे काउंटीच्या हद्दीबरोबर प्रांताचीही हद्द इथेच येते.

या हद्दीच्या लाँगफर्डकडच्या बाजूला मुलिनालाख्ता आहे. आपण ज्याला गाव म्हणतो तसं ते नाही. एक चर्च, एक शाळा, एक मैदान आणि बाकी शेतांमध्ये विखुरलेली घरं. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल, आणि इथल्या त्याच्या क्लबचं नाव मुलिनालाख्ता सेंट कोलंबाज. डिसेंबर २०१८मध्ये हा क्लब लेन्स्टर प्रांताचा विजेता झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी तिथली लोकसंख्या ४४७ अशी छापली. त्या विजयाला बहुतेकांनी चमत्कार म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की विषय संपतो. इथे तर मोजण्यासारखं, समजून घेण्यासारखं बरंच आहे.

अर्धी पॅरिश म्हणजे काय

पॅरिश म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरूच्या देखरेखीखालचा मुलूख. त्यातल्या लोकांची लग्नं, बारसं, मयत एकाच चर्चच्या वहीत नोंदली जातात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्समध्ये मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. आयरिश खेळ इंग्रजी खेळांच्या छायेतून बाहेर काढायचे, हा हेतू होता. संघटना गावोगाव पसरवायची तर लोकांचा आधीपासूनचा धागा पकडायला हवा, आणि तो धागा होता पॅरिश. म्हणून एक पॅरिश, एक क्लब अशी घडी बसली. वर काउंटी, त्याच्या वर प्रांत, सगळ्यात वर अखिल आयर्लंड.

मुलिनालाख्ताची अडचण या घडीतच आहे. तिथली पॅरिश एकच, पण काउंटीची रेघ तिच्या मधून जाते. लाँगफर्डचा मुलूख मुळात ओ'फॅरेल घराण्याच्या अॅनलीचा आणि कॅव्हनचा मुलूख ओ'रायली घराण्याच्या ब्रेफ्नीचा. सोळाव्या शतकात इंग्रज प्रशासनाने त्यांच्या काउंट्या केल्या. पॅरिश आखली चर्चने. दोन्ही रेघा जुळल्या नाहीत, आणि खेळाच्या संघटनेने काउंटीची रेघ धरली. परिणामी एकाच पॅरिशचे दोन क्लब झाले. कॅव्हनकडच्या अर्ध्या भागाचा क्लब गाउना. लाँगफर्डकडच्या अर्ध्या भागाचा मुलिनालाख्ता. रविवारी एकाच धर्मगुरूचं प्रवचन ऐकणारी ही माणसं स्पर्धेला निघाली की वेगळ्या काउंटीत आणि वेगळ्या प्रांतात खेळतात.

आता दुसरा नियम, जो मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. गेलिक खेळांत खेळाडूची निष्ठा त्याच्या पहिल्या क्लबाशी, म्हणजे बहुधा जन्मगावच्या क्लबाशी बांधलेली असते. क्लब बदलता येतो, पण त्यासाठी नवीन ठिकाणी खरोखर राहावं लागतं आणि परवानगी घ्यावी लागते. पैशाचा प्रश्नच येत नाही, कारण संपूर्ण खेळ हौशी आहे. क्लबाच्या खेळाडूला मानधन नसतं, आणि काउंटीकडून खेळणाऱ्या नामवंतालाही नसतं. त्यामुळे श्रीमंत क्लब गरीब क्लबाचा चांगला खेळाडू उचलून नेऊ शकत नाही. आणि गरीब क्लबाला खेळाडू कमी पडले तर तोही बाहेरून आणू शकत नाही. तुमच्या मातीत जे उगवेल त्यावरच भागवायचं.

माणसांचा हिशोब

मैदानावर एका बाजूला १५ खेळाडू लागतात. दुखापती, परीक्षा, नोकरीच्या पाळ्या, कुणाचं लग्न हे सगळं धरलं तर हंगाम पार पाडायला तीसेक जणांचा ताफा हवा. सरावात पंधरा विरुद्ध पंधरा असा सामना लावायचा, तरीही तीसच लागतात.

४४७ माणसं. निम्म्या बायका वजा करा, राहिले सव्वादोनशेच्या आसपास पुरुष. त्यांत शाळकरी पोरं, पन्नाशीचे शेतकरी आणि म्हातारे वगळले, तर अठरा ते पस्तीस वयाचे पन्नासेक उरतील, हा माझा ढोबळ अंदाज. म्हणजे त्या वयातल्या दर दोघांतल्या एकाहून अधिक जणांनी बूट चढवले तरच संघ पूर्ण होतो. ज्याला खेळाची फारशी आवड नाही त्यालाही उतरावं लागतं, कारण तो नाही आला तर जागा रिकामी राहते. संघातली आडनावं वाचली तरी हे कळतं: मॅकगिव्हनी, मॅकएलिगॉट, ब्रेडी, मलिगन पुन्हा पुन्हा येतात. भाऊ, चुलतभाऊ, शेजारी. निवड समितीचं काम इथे निवडण्यापेक्षा जमवण्याचं जास्त असतं.

या हिशोबामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांची गळती आहे. १८४१च्या जनगणनेत लाँगफर्ड काउंटीत सुमारे १,१५,००० माणसं होती. मग बटाट्याचा दुष्काळ आला, उपासमार आणि रोगराई आली, जहाजं भरभरून माणसं गेली. १९७१मध्ये ती संख्या सुमारे २८,००० वर आली होती. २०१६मध्ये ती ४१,०००च्या जवळ पोचली, तरी दुष्काळापूर्वीच्या निम्म्यावरही नाही. ही सबंध काउंटीची स्थिती. तळ्याकाठच्या अर्ध्या पॅरिशच्या वाट्याला काय आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

१९५० ते २०१६

मुलिनालाख्ताने लाँगफर्ड काउंटीचं विजेतेपद १९४८मध्ये जिंकलं, पुन्हा १९५०मध्ये जिंकलं. त्या काळी त्या भागात फुटबॉलचं वारं अंगात आलेलं होतं. शेजारच्या कॅव्हन काउंटीच्या संघाने (काउंटीचा संघ क्लबांतल्या निवडक खेळाडूंचा, त्याच्या स्पर्धा क्लबांच्या स्पर्धांहून वेगळ्या) १९४७चा अखिल आयर्लंड अंतिम सामना केरीविरुद्ध जिंकला, आणि तोही न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, कारण त्या वर्षी अंतिम सामना अटलांटिकपार नेला होता. प्रक्षेपणाची वेळ संपत आली तेव्हा समालोचक मिहॉल ओ'हेहिरनी ध्वनिवाहिनी आणखी पाच मिनिटं चालू ठेवा अशी विनवणी केली, ती गोष्ट आयर्लंडमध्ये आजही सांगतात. कॅव्हनने १९४८मध्ये विजेतेपद राखलं. पॅरिशच्या पलीकडच्या अर्ध्या भागात इतका जल्लोष असताना अलीकडच्या पोरांनी गप्प बसणं शक्य नव्हतं, असं मला वाटतं.

आणि मग सहासष्ट वर्षं काही नाही.

१९५०च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली. बहुतेक इंग्लंडला: बांधकामावर, कारखान्यांत, रुग्णालयांत. जाणाऱ्यांत विशीतले सर्वाधिक, आणि फुटबॉल संघ विशीतल्यांचाच असतो. मोठ्या पॅरिशमधून दहा तरुण गेले तर तिचा संघ कमकुवत होतो. अर्ध्या पॅरिशमधून दहा गेले तर तिचा संघच राहत नाही. लाँगफर्ड काउंटीच्या संघाचा सर्वोत्तम काळ १९६०च्या दशकात आला. १९६६मध्ये गॅलवेसारख्या बलाढ्य संघाला हरवून त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली, १९६८मध्ये लेन्स्टरचं विजेतेपद घेतलं. ते काउंटीच्या संघाचं आजवरचं एकमेव लेन्स्टर विजेतेपद. तो काळही मुलिनालाख्ताला काउंटीचा करंडक देऊ शकला नाही.

या सहासष्ट वर्षांबद्दल लिहिताना बहुतेक जण घाईने पुढे सरकतात, कारण सांगायला विजय नाही. मला मात्र क्लबाचा खरा इतिहास तिथेच दिसतो. न जिंकता क्लब चालू ठेवायचा म्हणजे दर वर्षी कुणीतरी मैदानाचं गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, पोरांना गाडीत कोंबून सामन्याला न्यायचं, साप्ताहिक लॉटरीची तिकिटं घरोघर विकायची. आयर्लंडमधले गावोगावचे क्लब असेच चालतात. सचिवाचं काम घरातल्या एका पिढीकडून दुसरीकडे जातं. ज्या वर्षी कुणी नाव नोंदवायला गेलं नाही, त्या वर्षी क्लब संपतो. मुलिनालाख्तात तसं वर्ष आलं नाही, एवढ्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

पलीकडच्या भावंडाकडेही पाहायला हवं. १९८८ ते २००२ या काळात गाउनाने कॅव्हनचं विजेतेपद वारंवार जिंकलं. नंतर वीस वर्षं शांतता, आणि २०२२मध्ये पुन्हा विजय. एकाच पॅरिशच्या दोन भागांत लाट वेगवेगळ्या वेळी आली. प्रशिक्षण, शिस्त, डावपेच यांचं महत्त्व मी नाकारत नाही, पण इतक्या लहान जागी सगळ्यात आधी लागतं ते एकाच सुमाराला जन्मलेल्या दहाबारा चांगल्या पोरांचं येणं. ती लाट आली आणि टिकली तर करंडक. आली आणि डब्लिन-लंडनला पांगली तर काहीच नाही.

२०१६, २०१७, २०१८

लाट २०१०च्या दशकात आली. मुलिनालाख्ताने २०१६मध्ये लाँगफर्डचं विजेतेपद घेतलं, लगेच २०१७मध्येही घेतलं, २०१८मध्येही घेतलं. व्यवस्थापक होते मिकी ग्रॅहम, कॅव्हनचे माजी खेळाडू, म्हणजे रेघेपलीकडचे. कर्णधार शेन मलिगन. संघातले अनेक जण शिक्षण-नोकरीसाठी डब्लिनमध्ये राहत होते. तिथून मुलिनालाख्ता साधारण सव्वाशे किलोमीटर. जिथे राहतात तिथल्या क्लबाकडून खेळायची मुभा मागता आली असती. घराजवळ सराव, चांगली मैदानं, आठवड्यातले कितीतरी तास वाचले असते. ते परत येत राहिले.

हे परत येणं मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही बैठकीत झालेला नाही. तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आठवड्यामागून आठवडे, गाडीची किल्ली हातात घेताना केला. नियमाने त्यांना बांधून ठेवलं होतं असं म्हणणं अपुरं आहे. नियमात पळवाट आहे. पण जिथे पन्नासांतले तीस लागतात, तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं की आपण नाही गेलो तर आपली जागा भरायला कुणी नाही. मोठ्या क्लबात राखीव खेळाडू ही सोय असते, आणि त्याच सोयीमुळे कुणाही एकाचं अडत नाही.

लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात समोर किलमकड क्रोक्स. दक्षिण डब्लिनचा क्लब, जवळपास पाच हजार सदस्य, देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक. त्याआधी १९९५ आणि २००९मध्ये त्यांनी अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद जिंकलेलं. त्यांच्याकडे पॉल मॅनियन होता, डब्लिन काउंटीच्या संघातला, आणि डब्लिनने त्याच वर्षी लागोपाठ चौथ्यांदा अखिल आयर्लंड जिंकलं होतं. क्रोक्स हे नाव आर्चबिशप टॉमस क्रोक यांचं. संघटनेचे ते पहिले आश्रयदाते, डब्लिनच्या क्रोक पार्कलाही त्यांचंच नाव आहे. लाँगफर्डच्या कुठल्याही क्लबाने तोवर लेन्स्टरचा करंडक कधी उचलला नव्हता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. २०१८च्या नियमांनुसार चेंडू आडव्या दांड्याच्या वरून खांबांमधून गेला तर १ गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. चेंडू हाताने धरता येतो, पण चार पावलांत तो टप्पा पाडावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावरून हातात उडवून घ्यावा लागतो. धावफलकावर आधी गोल, मग गुण लिहितात.

९ डिसेंबर २०१८, रविवार, तुलामोरचं ओ'कॉनर पार्क. सामना कमी गुणांचा झाला, आणि मला हे योगायोगाचं वाटत नाही. मोठ्या क्लबाची ताकद बाकावर बसलेल्या खेळाडूंत असते. सामना मोकळा, वेगवान झाला, पाय थकले, की ते ताज्या दमाचे खेळाडू उतरतात आणि शेवटची पंधरा मिनिटं त्यांची होतात. लहान क्लबाने सामना आवळून धरायचा असतो. चेंडू सांभाळायचा, मागे गर्दी ठेवायची, समोरच्याला प्रत्येक गुणासाठी झगडायला लावायचं. जितक्या कमी संधी, तितका बाकाचा उपयोग कमी. डिसेंबरचं ओलं, जड मैदानही अशा खेळाच्या बाजूचं असतं. किलमकडसारख्या संघाला तासभरात एकही गोल करता आला नाही, गुण मिळाले दहा. सामन्याची अर्धी गोष्ट या दहाच्या आकड्यात आहे.

उरलेली अर्धी गोष्ट एका पेनल्टीची. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत किलमकड पुढे होता. मुलिनालाख्ताला पेनल्टी मिळाली, गॅरी रॉजर्सने ती जाळ्यात घातली. धावफलक थांबला तो १-८ विरुद्ध ०-१० वर. बेरीज करा: ३ अधिक ८ म्हणजे ११. समोर १०. अर्धी पॅरिश एका गुणाने लेन्स्टरची विजेती.

त्यानंतर

फेब्रुवारी २०१९मध्ये अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत किलार्नीच्या डॉ. क्रोक्सने मुलिनालाख्ताला हरवलं. गंमत अशी की याही क्लबाच्या नावात तेच आर्चबिशप. अंतिम सामन्यात डॉ. क्रोक्सना गॅलवेच्या कॉरोफिनने हरवलं. मिकी ग्रॅहम तोवर कॅव्हन काउंटीचे व्यवस्थापक झालेले होते, आणि त्यांच्या संघाने नोव्हेंबर २०२०मध्ये डोनेगलला हरवून अल्स्टरचं विजेतेपद कॅव्हनला मिळवून दिलं, १९९७नंतर पहिल्यांदा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन वर्षांत दोन प्रांतिक करंडक देणारा हा माणूस पुढेमागे प्रशिक्षकांच्या अभ्यासाचा विषय व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

या विजयाचा वापर एका वादात चुकीच्या बाजूने झाला, ते मला खटकतं. २०००च्या दशकापासून डब्लिनला प्रशिक्षकांसाठी जो भरघोस निधी मिळाला त्यावर आयर्लंडमध्ये सतत चर्चा असते. लोकसंख्या पूर्वेकडे सरकते आहे. डब्लिनच्या उपनगरांतल्या क्लबांकडे इतकी मुलं आहेत की एकेका वयोगटात अनेक संघ उतरवावे लागतात, आणि पश्चिमेकडच्या कित्येक पॅरिशना एक संघ पुरा होत नाही. अशा वेळी 'मुलिनालाख्ताला जमलं, तर बाकीच्यांना का नाही' असं म्हणणं सोपं आहे. पण मुलिनालाख्ताला ते सहासष्ट वर्षांतून एकदा जमलं. एका पिढीला जमलं. त्या पिढीत दोनतीन जणांची भर कमी पडली असती, दोघांनी ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढलं असतं, तरी जमलं नसतं. अपवाद दाखवून नियम नाकारायचा आणि निधीचा प्रश्न टाळायचा, हे त्या खेळाडूंच्या कष्टांचाही अपमान करणारं आहे.

बालवयीन गटांत लहान क्लबांना शेजाऱ्याशी हातमिळवणी करावी लागते. बारा-चौदा वर्षांची मुलं दोन पॅरिशचा मिळून एक संघ करतात, वेगळंच नाव घेतात, आणि अठराव्या वर्षी पुन्हा आपापल्या क्लबात जाऊन परवापर्यंतच्या सवंगड्याविरुद्ध उभी राहतात. प्रौढ गटातही क्लब कायमचे एकत्र करावेत, असा सूर अधूनमधून निघतो. कागदावर तो बरोबर आहे. मुलिनालाख्ता आणखी एका क्लबात विलीन झाला तर तीसऐवजी साठ जण मिळतील. पण मग त्या साठांतल्या प्रत्येकाला हेही कळेल की आपण नाही गेलो तरी चालतं. मी विलीनीकरणाच्या विरोधात आहे ते भावनेपोटी नाही, या हिशोबापोटी. जिथे १५ जमणंच अशक्य झालं तिथे इलाज नाही. पण जिथे जेमतेम का होईना जमतात, तिथे हे जेमतेमपणच लोकांना मैदानावर आणतं.

तुलामोरच्या त्या रविवारी स्टँडमध्ये आईबापांबरोबर आठ वर्षांची पोरंही होती. ती २०२८मध्ये अठराची होतील. त्यांच्यात फुटबॉलसाठी मुली धरल्या तर स्त्रियांच्या संघाचाही विचार करता येईल. लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशन १९७४पासून आहे, आणि लहान वस्तीत मुलींना बाजूला ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. मुलिनालाख्ताच्या पुढच्या संघात किती नावं असतील, याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. शाळेचा पट उघडला की ती नावं आत्ताच मोजता येतात. त्यांतले किती जण शुक्रवारी संध्याकाळी डब्लिनहून गाडी काढतील, तेवढंच त्या पटावर लिहिलेलं नाही.